पासिंगचा हँडब्रेक

शिरूरला महिन्यातून एकदा आमचा कॅम्प असायचा. पुण्याहून सकाळच्या एस.टी.नं निघायचं, नऊच्या आत स्टँडवर उतरायचं, एक मिसळ हाणायची आणि मार्केट यार्डामागच्या मोकळ्या जागेत टेबल-खुर्ची टाकून बसायचं. न्हावऱ्याहून, पाबळहून, भीमेपलीकडच्या राहूहूनसुद्धा लोक गाड्या घेऊन यायचे. गाडी रस्त्यावर चालवायला धडधाकट आहे का, हे तपासून मी सही करायची. ह्याला लोक पासिंग म्हणतात. कागदोपत्री मी मोटार वाहन निरीक्षक, लोकांच्या तोंडी नुसता आरटीओ.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली, आणि भर दुपारची. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्यानं कधी सरकारी नोकरी केलेली नाही.

आधी नियम सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मोटार वाहन नियमांतला शहाण्णवावा नियम ब्रेकचा. प्रत्येक जीपला, टेम्पोला, ट्रकला दोन ब्रेक हवेत आणि दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र हवेत. एक पायाचा, एक हाताचा. घरात दोघं कमावती असली की एकाची नोकरी गेली तरी चूल पेटते, तसंच हे. पायाच्या ब्रेकनं गाडी तीसच्या वेगात असताना तेरा मीटरच्या आत थांबली पाहिजे. हाताच्या ब्रेकनं उतारावर उभी केलेली गाडी तिथंच उभी राहिली पाहिजे. मला हा नियम फार आवडायचा. लिहिणाऱ्यानं माणसाच्या चुकीला आधीच जागा ठेवली होती. माझी बायको प्राची म्हणायची, तुम्ही लग्नपत्रिकासुद्धा राजपत्रासारखी वाचता. खोटं नव्हतं ते.

तर त्या नोव्हेंबरात माझ्या मनात एक कुसळ रुतलेलं होतं. फेब्रुवारीच्या कॅम्पमध्ये मी म्हाळू नावाच्या माणसाची जीप पास केली होती. शिरूर ते दौंड वडाप करायची, म्हणजे सीटं भरून माणसं न्यायची काळीपिवळी. पुढच्याच महिन्यात, मार्चमध्ये, पारगावजवळ भीमेच्या पुलाच्या चढावर तिचं इंजिन बंद पडलं, ब्रेकचं पेडल पाण्यात पाय घातल्यासारखं खाली गेलं आणि भरलेली जीप मागं नदीकडे घरंगळायला लागली. म्हाळूनं उडी टाकली आणि मागून खांदा दिला. आतली अकराच्या अकरा माणसं उतरेपर्यंत त्यानं जीप धरून ठेवली. त्याला स्वतःला मात्र बाजूला होता आलं नाही.

चौकशी झाली. जीपला हँडब्रेकच नव्हता. दोन सीटांच्या मधे नुसती बोल्टची चार भोकं. मी शपथेवर सांगितलं की फेब्रुवारीत हँडब्रेक होता, मी माझ्या हातानं ओढला होता आणि गाडी उभी राहिली होती. साहेबांनी मान डोलावली. मालकानं नंतर काढला असेल, असा शेरा पडला आणि मी सुटलो. कागदावर सुटलो. हँडब्रेक होता तर गेला कुठं, आणि नव्हता तर मी ओढलं काय, हे काही केल्या सुटेना. जेवताना घास हातात धरून मी त्याचाच विचार करत बसायचो.

त्या दिवशी ऊन चांगलं होतं. यार्डात कांद्याचे लिलाव चालले होते, पुकारे आमच्यापर्यंत ऐकू येत होते. यार्डामागून नदीकडे उतरणारा एक जुना रस्ता आहे, त्यावर मी हँडब्रेकची परीक्षा घ्यायचो. गाडीचं तोंड चढाकडे, पाठ नदीकडे. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढायचा, ड्रायव्हरनं खाली उतरायचं आणि मी मनात साठ आकडे मोजायचे.

दुसऱ्या जीपचा हँडब्रेक धरला तेव्हा तो मला गरम लागला. उन्हानं असेल म्हटलं. आधीच्या कॅम्पांतही तसा लागला असेल, मी लक्ष दिलं नव्हतं. मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती आणि तिचं टोक तांब्याच्या तारेनं बांधलेलं होतं. चौथ्या जीपला तशीच पट्टी, तशीच तार, तशीच ऊब. मी टेबलावरचा खडू आणला आणि मुठीच्या बुडाशी एक बारीक फुली मारली. सहावी जीप आली. दार उघडून पाहतो तर माझी फुली माझ्याकडे बघत होती.

आणि मग एकदम आठवलं. फेब्रुवारीत म्हाळूच्या जीपमध्ये मी हीच पट्टी मुठीत धरली होती.

यार्डाच्या कोपऱ्यावर हौसरावचं गॅरेज होतं. पन्नाशीचा माणूस, हात कायम काळे, जीभ गोड. मी त्याला बाजूला घेतला.

"हौसराव, ह्या तालुक्यात हँडब्रेक किती?"

तो हसला. मग माझं तोंड बघून थांबला.

"तसं म्हटलं तर... येकच, साहेब."

"म्हणजे?"

"म्हंजी असं, गाडीचा हँडब्रेक गेला की नवा कोन घालतंय? गाडी गिअरमधी टाकायची, चाकाला दगुड लावायचा, झालं. पन पासिंगला तुमाला लागतुय. म्हून ह्यो येक ठिवलाय. सकाळधरनं हिकडचा काढायचा, तिकडं बसवायचा. समदे त्येला पासिंगचा हँडब्रेकच म्हंत्यात."

"फेब्रुवारीत म्हाळूला हाच दिला होतास?"

हौसराव खाली बघून हाताचं ऑइल फडक्याला पुसायला लागला. ते निघणारं नव्हतं.

"ह्योच. सांच्याला काढून घेटला."

खरं सांगतो, मला आधी बरं वाटलं. मी खोटं बोललो नव्हतो. ते बरं वाटणं पुरती पाच मिनिटंही टिकलं नाही. कारण लगेच लक्षात आलं की सारखे काढून-घालून चकचकीत झालेले चार बोल्ट फेब्रुवारीतही दिसले असते. मी वाकलो असतो तर. पण इस्त्रीची पँट घालून गाडीखाली वाकणारा अधिकारी तुम्ही पाहिलाय का? मीही पाहिला नव्हता.

तेवढ्यात पुढची गाडी आली. हौसरावनं ती बघितली आणि तो पुटपुटला, "आरं देवा... ही कशाला आनली."

तीच जीप होती. मागचा पत्रा नवा ठोकलेला, रंग नवा, पण नंबर तोच. चालवत होता पोपट, राहूचा, म्हाळूचा मेव्हणा. शेजारी म्हाळूची बायको सुरेखा बसली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं तिनं दोन्ही हातांनी धरली होती. ती उतरून रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही.

पोपट ती उतारावर गिअरमध्ये उभी करून उतरला. मी आत चढलो. दोन सीटांच्या मधे माझी फुली. आधीच्या जीपमधून काढून पोपटानं घाईघाईनं बसवलेला. मी न्यूट्रल केलं, हँडब्रेक ओढला. ह्या खेपेला मूठ नुसती उबदार नव्हती, ओलसर होती. घाम आलेल्या हातासारखी. मी खाली उतरलो आणि मोजायला लागलो.

साठ झाले. शंभर झाले. जीप बोटभरसुद्धा हलली नाही.

आज मात्र मी वाकलो. पँटीच्या गुडघ्याला माती लागली, लागू दिली. खाली मान घालून बघितलं तर केबल मोकळीच लोंबत होती. तिचं टोक हँडब्रेकला जोडलेलंच नव्हतं.

मी उठलो. पोपट दहा हातांवर बाटलीनं पाणी पीत होता, म्हणजे पायाचा ब्रेक कुणी दाबलेला नव्हता. गिअर मी स्वतः काढला होता. चाकांमागं दगड नव्हता. हौसरावनंही वाकून बघितलं आणि तो सरळ होऊन नदीकडे तोंड करून उभा राहिला. मी शहाण्णवावा नियम मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. असल्या गाडीची त्यात काही सोय नव्हती.

भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. त्या क्षणी मला फक्त जाणून घ्यायचं होतं, काहीही करून. मी जीपच्या मागं गेलो. तिथं ब्रेकचे लाइनर तापल्यावर येतो तसा करपट वास होता, आणि त्यात घामाचा. मी मागच्या पत्र्यावर तळवा ठेवला. पत्रा बारीक थरथरत होता. जड पोतं पाठीवर घेतलेल्या हमालाची पोटरी थरथरते, अगदी तशी.

मग खाली लक्ष गेलं. रस्त्यावर बोटभर मऊ फुफाटा होता. त्यात मागच्या चाकांच्या मधोमध दोन खळगे पडलेले होते. टाचेकडे खोल, पुढं पाच-पाच बोटं. मी बघत असतानाच डावा खळगा आणखी सूतभर खाली गेला... आणि कडेची माती आत सरकली.

मी खिशातून टेप काढला. हसू नका. माणसाला दुसरं काही सुचत नाही तेव्हा तो आपलं रोजचं काम करतो. मी उकिडवं बसून ते पाऊल मोजलं. साडेनऊ इंच.

"डाव्या पायाचा आंगठा बगा," मागून सुरेखाचा आवाज आला. अगदी हळू. "भाईर गेल्याला असंल."

अंगठा बाहेर वळलेला होता. माझ्या हातातला टेप आपोआप गुंडाळला गेला, त्या आवाजानं मीच दचकलो.

"बाई... हे तुम्हाला माहीत होतं?"

"समद्यास्नी म्हाईत हाय. इचारा की हौसरावमामांना."

हौसराव वळला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मार्चमधल्या पासिंगच्या दिशी सकाळी म्हाळू आल्ता, साहेब. म्हनला, मामा, पायाचा ब्रेक जरा नरम लागतुय, आजच्या दिस हँडब्रेक मला ऱ्हाऊ द्या, पुलाला चढ हाय. मी म्हनलं, आज पासिंग हाय, धा गाड्या खोळंबल्यात, उंद्या न्हे. तुमाला याद आसंल, त्या दिशी साडेअकराला हितं येक जीप आडकून बसली व्हती. हँडब्रेक खाली हुईना. बटनच दबंना..."

मला आठवत होतं. चार माणसं लागली होती त्या जीपला ढकलायला, तरी ती जागची हलली नव्हती. मीच ओरडलो होतो की ग्रीस नसेल घातलं. मग पावणेबाराच्या सुमाराला बटन आपोआप खट्‌कन सुटलं होतं. पारगावचा पूल तिथून पस्तीस-चाळीस किलोमीटर. पंचनाम्यातली वेळ मला पाठ होती. साडेअकरा ते पावणेबारा.

"तवापासनं असंच हाय," हौसराव म्हणाला. "कुठल्या बी गाडीला बसवा, केबल चांगली आसू न्हाईतर कुजकी आसू, गाडी हलत न्हाई. लोक लांबनं येत्यात ह्येच्यासाठी..."

"आठ म्हयनं झालं," सुरेखा म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "दर पासिंगला धा-धा गाड्या धरून हुबं ऱ्हायाचं. जित्तेपनी येक धरली ती पुरं न्हाई झालं व्हय? केबल मीच काढाय लावली पोपटला. म्हनलं, आज तरी सायेब वाकून बगत्याल. तवा न्हाई वाकला. आज वाकलासा, ब्येस झालं."

तिचं प्रत्येक अक्षर खरं होतं. लाजेनं माझे कान तापले.

"मी काय करू, सांगा," मी म्हणालो.

"मला पासिंग नको. नापास ल्ह्या. तुमी पास म्हंताय तवर त्येंना धरावंच लागतंय."

मी टेबलापाशी गेलो. फॉर्म पुढं ओढला आणि लिहिलं. "हँडब्रेक जोडलेला नाही. नापास." खाली सही केली, तारीख घातली. मग पोपट आणि हौसराव ह्यांनी दोन मोठे दगड आणून मागच्या चाकांना लावले. ते लावताना दोघांनीही मधल्या जागेवर पाय पडू दिला नाही. हौसराव पाना घेऊन पुढं झाला, पण सुरेखा म्हणाली, "तुमी न्हवं. सायबांनी काढायचा."

मी काढला. चार बोल्ट. शेवटचा सुटला तेव्हा जीप एकदा कण्हल्यासारखी कुरकुरली आणि दगडांवर टेकली. हँडब्रेक माझ्या हातात आला. त्याच क्षणी माझ्या उजव्या खांद्यावर काहीतरी बसलं. ज्वारीचं भरलेलं पोतं वरून कुणी सोडून द्यावं तसं. माझे गुडघे वाकले, बुटांच्या टाचा मातीत रुतल्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. यार्डातला लिलाव चालूच होता, कुणीतरी भाव पुकारत होतं. मग ते ओझं हळूहळू उतरलं.

सुरेखा जीपमागं उकिडवी बसली होती. खळग्यांच्या कडा आता आत ढासळल्या होत्या, तिथं नुसता फुफाटा होता. तिनं तळव्यानं तो सारखा केला, लहान मूल निजवताना थोपटावं तसा, आणि मग ती रडली. मीही रडलो. हौसराव टोपी हातात घेऊन उभा होता.

जाताना ती म्हणाली, "आता त्यो कुनाला दिऊ नका. तुमच्या सहीचं हाय, तुमीच संबाळा."

पुढच्या महिन्यात ती जीप पुन्हा आली. नवा हँडब्रेक, नवी केबल, पायाच्या ब्रेकचं सगळं काम नवं. मी खाली झोपून तपासली आणि पास केली. पोपट ती दौंडला चालवायला लागला. शिरूरच्या कॅम्पमध्ये नंतर कितीतरी महिने निम्म्या गाड्या नापास होत होत्या. लोकांनी माझ्या नावानं खडे फोडले, पण हँडब्रेकही घातले.

जुना हँडब्रेक मी पुण्याला घरी आणला आणि कपाटात, खालच्या खणात, जुन्या फायलींमागं ठेवला. प्राचीला काही सांगितलं नाही. तिला वाटलं ऑफिसची वस्तू असेल.

त्यानंतर ते सुरू झालं. वर्षातून तीनदा-चारदा. भाजी आणताना, दाढी करताना, कधी ऑफिसात सही करता करता खांद्यावर अचानक ओझं यायचं. मी असेन तिथं टाचा रोवून उभा राहायचो, पाच मिनिटं, कधी दहा, आणि मग ते जायचं. डॉक्टरांनी फोटो काढले, मानेचा पट्टा दिला. मला काय ते कळत होतं. शिरूरच्या त्या दिवसाआधी नऊ वर्षं मी न वाकता सह्या केल्या होत्या. त्या गाड्या कुठं कुठं, कुठल्या चढावर उभ्या असतील, कोण जाणे. मी तक्रार केली नाही. उलट ओझं उतरलं की बरं वाटायचं. म्हणायचो, चला, उतरली असतील सगळी.

सन दोन हजार तीनमध्ये पोटाच्या ऑपरेशनसाठी मी आठ दिवस दवाखान्यात होतो. त्या आठवड्यात एकदाही ओझं आलं नाही. मला वाटलं, फिटलं. देणं फिटल्यासारखा हलका होऊन मी रिक्षानं घरी आलो. सकाळचे अकरा वाजले होते. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत होती, एकामागून एक, आणि गॅस कुणी बंद करत नव्हतं.

प्राची ओट्याकडे पाठ करून उभी होती. उजवा खांदा खाली गेलेला, गुडघे वाकलेले, टाचा फरशीत रोवलेल्या. घामानं केस कपाळाला चिकटले होते. मी धावत पुढं झालो तशी तिनं डोळ्यांनीच मला थांबवलं.

"अहो... थांबा," ती दातांवर दात दाबून म्हणाली. "हात लावू नका. दोघंच उतरायची राहिलीत... एक म्हातारी आहे, तिला उतरताच येत नाहीये..."